पितळी जोड

४ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस, म्हणजे तो दुखतोय. भाऊजींना सांगून शेक घे. आम्ही सगळे ठीक. आमच्या मुंगीला रंगाच्या कारखान्यात कायम केलं. मागच्या अंगाला छटा जुळवायची खोली आहे, तिथं बसते. रोज घरी येते ती नव्या रंगाची नखं घेऊन. परवा निळ्या हातांनी भाकऱ्या थापल्या, तर तिच्या आईनं घर डोक्यावर घेतलं.

आता बाहेरचं. ऐकलंस ना? राजधानीतल्या आमच्या साहेबांनी तुमच्या लोकांसमोर टेबलावर मूठ आपटली आणि आठवड्याच्या आत तुमच्या सरकारनं आमच्या मालावरचा जादा कर उतरवला. इतकी वर्षं आमचे अधिकारी तिकडे जायचे, चहा प्यायचे, हात हलवत परत यायचे. मिळमिळीतपणाला कुत्रं विचारत नाही, ताई. आता आमच्या चौकात साहेबांची पितळी मूठ उभारणार आहेत, दोन मजली उंच. घराघरांतून पितळ गोळा करतायत.

नदीवरच्या पुलाच्या मधोमध सरहद्दीचं फाटकही बसलं. तुमच्याकडून कुणी यायचं तर परवानगी राजधानीतून येणार. उगाच उठून यायला हे काय मामाचं घर आहे? तू मात्र ये. तुझी परवानगी मी काढतो. अग्निशमन केंद्राचा प्रमुख आहे मी, एवढं वजन आहे माझं.

भाऊजींना नमस्कार. धाकट्याला विसरू नये, एवढंच मागणं.

तुझा
भाऊ

१९ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी आगीच्या बंबाचा आवाज काढत गल्लीभर पळायचास, म्हणून हे नाव पडलं. आता साहेबांचा आवाज काढतोस. भोंगा तोच, वाजवणारा बदलला.

कर उतरला हे खरं. तुझं बरोबर, तो जास्तच होता. पण पुढचंही ऐक. तुमच्याकडे मूठ आपटली ना, तेव्हापासून इथं चहाच्या टपरीवरचा शेंबडा पोरगाही म्हणतो, आम्हाला पण असाच एक हवा. उन्हाळ्यात आमची निवडणूक आहे आणि मुठी आपटणारा मिळालाय आम्हालाही. दमदाटीनं शेजारी वाकतो, बाळा, पण वाकलेला माणूस ते विसरत नाही.

ह्यांना, इथल्या बंबवाल्याला, मात्र कराचं सोयरसुतक नाही. हे विचारतात, फाटक बसलं, मग धूर दिसल्यावर काय करायचं? बाबा तुझ्या खुर्चीत होते तेव्हापासूनची रीत आहे, ज्याला धूर दिसेल त्यानं निघायचं, विचारत बसायचं नाही. पाणी तुमचं, फेसाची गाडी आमची. रंगाच्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर आग तरंगत पसरते, हे तू मला शिकवलंस. आणि तुमच्या नळांचे आटे वेगळे, आमच्या पाइपांचे वेगळे, म्हणून ह्यांनी स्वतः लेथवर कातलेले ते दोन पितळी जोड तुझ्या केंद्रातल्या खिळ्याला असतात. ते असू देत रे. मुंगी त्या कारखान्यात बसते, म्हणून सांगते. मुठीसाठी पितळ गोळा करतायत म्हणालास, आणि मला आधी तो खिळा आठवला.

गुडघा दुखतोय. झालं समाधान? माया आहे तशी ठेव.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावणार हे धरूनच लिहायला बसलोय.

मंत्री केंद्रात आले होते. सगळीकडे फिरले, शिडी पाहिली, घंटा वाजवली. खिळ्याजवळ थांबून विचारलं, हे काय. मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की आपल्या नळाला परक्याचा पाइप लागावा, ही सोय नव्हे, लाचारी आहे. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. फोटोवाले होते. मग मी स्वतःच ते दोन्ही जोड काढले आणि बाहेरच्या पितळेच्या पिंपात टाकले. टाळ्या पडल्या, ताई. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाबांनी उभा जन्म आगी विझवल्या, त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही.

आणि अडलं कुठं? आपली स्वतःची फेसाची गाडी मंजूर झाली आहे. मंत्र्यांनी चारचौघांत सांगितलं. ती आली की तुमच्या तोंडाकडे बघायची गरजच नाही. देश स्वतःच्या पायावर असा उभा राहतो. तू तिकडची झालीस, तुला हे कडू लागणार.

भाऊजींना यातलं आत्ताच काही सांगू नकोस. मी भेटीत समजावेन.

तुझा
भाऊ

२ मार्च

प्रिय आत्या,
तुला नमस्कार आणि काकांना दोन नमस्कार, कारण काम त्यांच्याकडे आहे.

बाबांना सांगू नकोस हं मी लिहिलं ते. त्यांनी जोड पिंपात टाकले तो फोटो वर्तमानपत्रात आला, आईनं कापून आरशाला लावलाय. बाबा केस विंचरताना स्वतःकडे बघायचं सोडून फोटोकडे बघतात. हसायला येतं, पण कारखान्यात गेलं की हसू जातं. माझ्या खोलीला लागूनच पातळ रंगांची पिंपं आहेत. दार एकच, तेही पिंपांच्या बाजूनं. पूर्वी काका दर सहा महिन्यांनी सरावाला यायचे, समोरच्या नळाला एक जोड, मागच्या नळाला दुसरा, आणि सगळं आवार फेसानं पांढरं करून जायचे. यंदा सराव नाही. नवी गाडीही नाही. गाडीचा फलक तेवढा आलाय.

मी बाबांकडे विषय काढला तर म्हणाले, तू छटा जुळव, देश आम्ही बघतो. मग मी त्यांच्या बुटांना आतून पिवळा रंग लावला. अजून कळलेलं नाही.

काकांना म्हणावं नवे जोड करा. दोन. आणि तू लवकर ये, तुझ्याशिवाय इथं कुणी माझी बाजू घेत नाही.

तुझी लाडकी (एकुलती एक, त्यामुळे स्पर्धा नाही)
मुंगी

२८ मार्च

चि. मुंगीस,
खूप खूप आशीर्वाद आणि पिवळ्या बुटांबद्दल एक धपाटा.

तुझ्या काकांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि थेट लेथकडे गेले. पण पितळच नाही ग. आमच्याकडे पितळ यायचं ते तुमच्याकडूनच, आणि तुमच्या सरकारनं आम्हाला धातू विकणं बंद केलंय, आम्हाला वठणीवर आणायला. चार दुकानं हिंडले, रिकाम्या हातानं परतले.

मग मी माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा, खलबत्ता काढून दिला. हे नको म्हणाले. मी म्हटलं, कुटून कुटून मी काय कुटणार आता. वितळवला. त्यात एकच जोड झाला. अगदी सुबक झालाय, आटे असे की बोटानं फिरावा. दुसऱ्यासाठी दाराच्या कड्या काढू म्हणाले, तर त्या निघाल्या लोखंडाच्या, वरून मुलामा. चाळीस वर्षं पितळी म्हणून पुसल्या मी.

तो एक जोड तुला पाठवायचा होता, पण टपालात आता नुसती पत्रं घेतात, वस्तू नाही. काका तो फेसाच्या गाडीतच ठेवतात. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

तोवर तू दाराजवळच्या टेबलावर बसत जा. कारखान्याचे साहेब रागावले तर रागावू देत. माझी शपथ आहे. मी यायचं म्हणतेस, पण आमचा मूठवाला निवडून आला तर इकडूनही कुलूप पडेल असं बोलतात. फाटक एक आणि कुलपं दोन. तू जपून राहा म्हणजे मला बरं वाटेल.

तुझी
आत्या

३० मे

चि. भाऊस,

काय लिहू? तीन वेळा कागद फाडला.

त्या दिवशी तू कारखान्याच्या आगीपाशी होतास, तुला इकडचं कुणी सांगितलं नसेल. सांगणं माझं काम आहे. दुपारी जेवायला बसलो होतो. ह्यांना खिडकीतून काळा धूर दिसला. ताटावरून उठले ते हातही धुतला नाही. आमचं नवं सरकार येऊन आठवडा झाला होता, पुलावर न जाण्याचा हुकूम भिंतीवर चिकटवलेला होता. त्याच्यासमोरूनच गाडी काढली. फाटकावरच्या तुमच्या पहारेकऱ्यानं राजधानीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं म्हणे की आम्ही मदत मागितलेली नाही. त्या पहारेकऱ्यानं फोन ठेवला आणि कुलूप उघडलं. आमच्या बाजूचं कुलूप ह्यांनी पहारीनं तोडलं. त्या माणसाची नोकरी गेली असेल. कळलं तर कळव, त्याच्या घरी काही पाठवीन.

पुढचं तू पाहिलंस. समोरच्या नळाला जोड बसला, फेस गेला, माणसं बाहेर आली. मागचा नळ भरून वाहत होता आणि आमचा पाइप त्याला लागेना. हे म्हणतात, मी आटे हातानं दाबून धरत होतो. त्यांचे दोन्ही तळवे सोलले आहेत. गाडीच्या टाकीत होतं तेवढं मागच्या बाजूला मारलं. ते संपलं.

परत आल्यापासून हे लेथसमोर बसून राहतात. काल एकदाच म्हणाले की दोन मागितले होते तिनं.

मला तुझा राग आहे आणि मला तुझ्याजवळ यायचंय. दोन्ही खरं आहे. आता दोन्हीकडून फाटक बंद. वहिनीला जेवायला घाल. ती नको म्हणेल तरी घाल.

तुझी
ताई

१७ जून

तीर्थरूप ताईस आणि भाऊजींना,
साष्टांग नमस्कार.

पहारेकऱ्याला तुरुंगात घातलंय. त्याच्या बायकोकडे तुझा निरोप दिला. तिनं दार लावून घेतलं.

मुंगी दाराजवळच बसली होती, ताई. तिच्या बरोबरीच्या मुलीनं सांगितलं. तुझी शपथ तिनं पाळली. ती बाहेर पडलीही होती. आत दोघी राहिल्या म्हणून परत गेली. अग्निशमनवाल्याची पोर. मी मागच्या नळापाशी उभा होतो, भाऊजींच्या शेजारी. तिचा आवाज येत होता. मला हाक मारत होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

काल चौकात शोकसभा झाली, त्या पितळी मुठीखाली. साहेब स्वतः आले होते. मला मंचावर बसवलं, शहीद मुलीचा बाप म्हणून. काय बोलायचं ते आधीच लिहून दिलं होतं. शेजाऱ्यांची गाडी मुद्दाम उशिरा आली, त्यांनी मुद्दाम चुकीचे पाइप आणले, याचा बदला घेतला जाईल. वहिनी तुझी समोर बसली होती, डोळे कोरडे ठणठणीत.

मी तो कागद खिशात घातला. मी म्हणालो की शेजाऱ्यांची गाडी आली होती, न बोलावता आली होती, आणि त्यांनी आणलेल्या एका जोडानं एकवीस माणसं बाहेर निघाली. मी म्हणालो की दुसरा जोडही होता, माझ्या केंद्रात खिळ्याला होता, तो मी माझ्या हातानं काढून पिंपात टाकला. आणि वर बोट दाखवून म्हणालो की तो तिथं आहे, त्या मुठीत.

मला वाटलं होतं दगड मारतील. मारले असते तर बरं झालं असतं. ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढीच सवय लागली आहे. मग साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुःखात माणूस भ्रमिष्ट होतो म्हणाले, आणि बदल्याच्या घोषणा सुरू झाल्या. मुंगीच्या नावानं. माझं पोरगं तुमच्या लेथपाशी बसून मोठं झालं आणि तिच्या नावानं तुमची घरं जाळायच्या घोषणा देत होते. पूल उडवायचा ठराव तिथंच झाला. त्यालाही टाळ्या.

मला घरी बसवलंय. आज सकाळी बूट घालताना आतला पिवळा रंग दिसला. कधी लावला तिनं, कोण जाणे.

भाऊजी, तुमचा तो एक जोड माझ्याजवळ आहे. पुरावा म्हणून मागायला पोलीस दोनदा आले, मी दिला नाही. आईचा खलबत्ता आहे तो. तुमच्या बाजूला कधी धूर दिसला तर मी तो घेऊन निघेन, कुणाला विचारणार नाही. पूल नसेल तर काठावर उभा राहीन. काही उपयोग नाही, मला माहीत आहे. पण ताईला दिसेन तरी.

लोभ मागायचं तोंड उरलं नाही. उरला असेल तर तुमच्याच जवळ ठेवा, कधी भेटलो तर घेईन.

तुमचा
भोंग्या