उंबऱ्यावरचा बोका

११ मार्च १९७३
मुरुमला बदलून येऊन महिना झाला, तर हा पाहुणा! पिवळा बोका. आज डोळ्यांदेखत शेपूट ताठ करून दारावर फवारा मारला — आणि जाताना वळून असं पाहिलं, जणू घर त्यानंच भाड्यानं दिलंय. प्यायला पाणी नाही गावात, आणि मी अर्धी घागर उंबऱ्यावर ओतते!

१४ मार्च
घरमालकीण गिरिजाबाई रोज सल्ला देतात. अंगणातूनच. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली त्या दिवसापासून पाऊल आत नाही. "बाई, बोक्यानं धरलेलं घर सुटत न्हाय. तुमीच दुसरं बघा." वा! बोका राहणार, आणि मास्तरणीनं बिऱ्हाड उचलायचं!

१७ मार्च
माझा नवरा व्यंकट सोसायटीत कारकून. त्याचे चेअरमन हिंमतराव आज दारात उभे. "एंड्रिन देतो. पिठात मळून ठेवा, सकाळी खलास!" शेतकऱ्याला खताची गोणी मिळत नाही, बोक्याला विष मात्र लगेच हजर! मी नाही म्हटलं. मग व्यंकटला म्हणतात, "मिसेस लई कोवळ्या काळजाच्या तुमच्या." काळीज राहू द्या, साहेब. गल्लीतल्या उपाशी शेळ्या दिसेल ते खातात, एवढं तरी कळतं का?

२० मार्च
उंबऱ्यावर सोड्याचं पाणी. वर लिंबाच्या साली.
बोका सालींशेजारी बसून निवांत अंग चाटत होता!

२६ मार्च
शाळेतल्या धुरपदाबाई म्हणाल्या, मांजर जेवतं तिथं घाण करत नाही. दाराशीच भाकर कुस्करून ठेवते आता. व्यंकट हसतो — "चोराला जावई केलंस!" हसू दे. उंबरा कोरडा आहे.

१ एप्रिल
पुन्हा ओला! भाकर खातो, पायाला अंग घासतो, आणि वर हे?
गिरिजाबाई खूश. "जात कुठं जाती बाई!"
बोक्याबद्दल म्हणाल्या.

५ एप्रिल
बोका पोत्यात, पोतं व्यंकटच्या मांडीवर, यष्टीनं उमरग्याला. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पोट धरून हसले म्हणे — "बैल खच्ची करतो हो आमी, बोका पहिलाच!" पण केलं. दोन दिवस तिथंच ठेवून घेतलंय. फवारे कमी होतील, मारामाऱ्याही. एंड्रिनवाल्यांना सांगा कुणीतरी!

६ एप्रिल
उंबरा ओला.
गिरिजाबाई ओसरीवरून — "बोकाच हो! आत्ता पळाला, माज्या डोळ्यांनी बघितला!"
"बोका उमरग्याला आहे. कालपासून."
त्यांचं दार लागलं.
व्यंकट हळूच म्हणाला, "सामान बांधू?" नाही. पाणीही ओतलं नाही. तसाच राहू दे उंबरा, गल्लीला वास येऊ दे. विचारेल त्याला आता बोक्यानं केलं म्हणून सांगणार नाही.