आतल्या पडद्याच्या घड्या

पनवेल, ९ जुलै १९९१

अकरावीतल्या लेकीने जर्नलमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा आतला पडदा सरळ रेघेने काढला होता. मी म्हटलं, "मनू, घड्या घाल गं. घड्यांमुळेच एवढ्याशा जागेत पडदा जास्त मावतो, आणि पेशीची ऊर्जा तयार होते ती त्या पडद्यावरच."

ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तू कशाला मध्ये पडतेस? क्लासचे सर आहेत ना!"

"सरांनीच फळ्यावर असं काढलंय, आई."

मी बी.एस्सी. झालेय, हे ह्यांना आठवत तरी असेल का? वीस वर्षं ह्या दोन खोल्यांत चादरींच्या घड्या घालतेय, एवढंच दिसतं बहुतेक.

मनूने त्या सरळ रेघेलाच ‘आतला पडदा’ असं नाव दिलं. मग मी मुकाट्याने ह्यांना चहा नेऊन दिला. राग त्याचाच येतोय.