सूर्य आपला, घड्याळ कुणाचं

फेब्रुवारी १९८४
शाळेमागची खोली, कोगनोळी नाक्याच्या अलीकडं

ती. गोपाळअण्णांस,

धाकटा चुलतभाऊ केशव याचा साष्टांग नमस्कार, वहिनींनाही. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडं सगळं क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरोखर क्षेम आहे की नाही ते सोमवारी कळेल. पत्र वाचून झालं की फाडून टाका. वहिनींना वाचून दाखवायला हरकत नाही, पण त्यांच्या भिशीतल्या बायकांपर्यंत जाऊ देऊ नका. (त्यातल्या एकीचा भाऊ शिक्षण खात्यात कारकून आहे, हे तुम्ही विसरला असाल, मी नाही.)

तर झालं असं की आमच्या हायस्कुलात डेन्मार्कहून एक बाई आल्या आहेत. नाव बिर्गिट. उंची अशी की वर्गाच्या दारातून आत येताना मान तिरकी करावी लागते. आता विचार करा, आमच्या गावात बाहेरून आजवर आलेली माणसं तीनच जातींची: तंबाखूचे व्यापारी, मतं मागणारे आणि सरहद्दीचे कमिशनवाले. ही बाई विडी ओढत नाही आणि मतं मागायला इथल्या यादीत तिचं नाव नाही. मग उरलं काय? मी कुणाला काही बोललो नाही, पण पहिल्या दिवशीच ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

कागदावर सगळं गोड आहे. गणित आणि विज्ञान मुलांनी आपलं आपण शिकावं, त्यासाठी देशोदेशीच्या शिक्षकांची अदलाबदल. त्यांची एक बाई महिनाभर इकडं, आमचा एक मास्तर महिनाभर तिकडं. (तिकडं कोण जाणार हे विचारू नका. आमचे हेडमास्तर सत्याप्पा सर यांनी बेळगावात खडेबाजारात सूट शिवायला टाकलाय. सर्क्युलर आलं बुधवारी आणि सूट टाकला मंगळवारी, एवढंच सांगतो.) त्याच सर्क्युलरात एक वाक्य आहे, 'वर्गात शिक्षकाने शक्य तितके कमी बोलावे.' अण्णा, ते मी तीनदा वाचलं. आमची शाळा मराठी माध्यमाची. पटावरची पोरं मोजायला दर वर्षी माणूस येतो आणि तोंड आंबट करून जातो. चित्रकलेचे मास्तर रिटायर झाले, तर त्यांची जागा भरलीच नाही. वर म्हणाले, चित्रं काय, पोरं आपली आपण काढतात. आता गणितही पोरं आपलं आपण शिकली आणि या बाईनं तसा रिपोर्ट लिहिला, तर केशव मास्तर हवाय कशाला? पेन्शन अजून लांब आहे आणि मला दुसरं काही येत नाही. (गणित तरी येतं का, हा प्रश्न तुम्ही लहानपणापासून विचारत आलाय. आत्ता नका विचारू.)

बाई शिकवत काही नाहीत. मागच्या बाकावर पोरींच्यात जाऊन बसतात, गुडघे हनुवटीला लावून. कुणी काही विचारलं की त्यांना येणारं एकुलतं एक मराठी वाक्य म्हणतात, "तुला काय वाटतं?" पोराला, शिपाई भरमाला, हेडसरांना, सगळ्यांना एकाच मापानं 'तू'. हेडसरांना अरेतुरे त्यांच्या आईनंतर हिनंच केलं असेल. मुलांनी विचारलं लोखंड बुडतं तर जहाज का बुडत नाही, तर म्हणे तुला काय वाटतं? मी पंचवीस वर्षं या गावात आहे, मला असं कुणी विचारलं असतं तर मी सरळ उत्तर सांगून मोकळा झालो असतो, नाहीतर पोराला बाकावर उभं केलं असतं. स्वतः काही सांगायचं नाही आणि समोरच्याचं काढून घ्यायचं, ही पद्धत शाळेची नव्हे, चौकीची आहे.

आणि आमच्या भागात हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय ते तुम्हाला कोल्हापुरात बसून नाही कळायचं. इथं परक्या माणसानं कागद-पेन्सिल घेऊन "तुला काय वाटतं" म्हटलं की त्याचा अर्थ एकच, कुठल्या राज्यात जायचंय. एक दिवस बाई पोरांना घेऊन तळ्याकडं गेल्या, वाटेत म्हातारी लक्ष्मीबाई शेण गोळा करत होती. पोरांचं चाललं होतं, चंद्र दिवसा का दिसतो. बाईंनी चंद्राकडं बोट केलं आणि म्हातारीला कौतुकानं विचारलं, तुला काय वाटतं? म्हातारीनं पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि खणखणीत सांगितलं, "म्हाराष्ट्रात जायाला पायजे." बाईंनी ते आपल्या लिपीत जसंच्या तसं लिहून घेतलं. आता चंद्राबद्दलचं हे मत डेन्मार्कात कुठल्या फायलीत जाऊन पडणार, देव जाणे.

मग काठ्यांचं प्रकरण झालं. शाळेमागच्या माळावर पोरांनी गटागटानं एकेक काठी रोवायची, तिला ओळखीसाठी लाल चिंधी बांधायची आणि दिवसभर सावली मोजायची, असा प्रयोग निघाला. पोरांनी काठ्या रोवल्या त्या नेमक्या एका ओळीत, शाळेपासून थेट सरहद्दीवरच्या नाक्याच्या दिशेनं. मी काही बोललो नाही. फक्त चहाच्या टपरीवर आण्णाप्पाला (तंबाखूची शेती, मिशी मोठी, डोकं बेताचं) म्हटलं, बाबा रे, मी काही म्हणत नाही, पण ती ओळ कुठनं कुठं जातेय तेवढं बघ. एवढंच म्हणालो. एवढ्या साध्या वाक्याचा लोक काय अर्थ काढतील याला मी जबाबदार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जाऊन बघतो तर ओळीचा साप झालेला. गावात बोभाटा की नवी सरहद्द आखली जातेय, चिंधीच्या अल्याड कोल्हापूर, पल्याड बेंगळूर. ज्यानं त्यानं उठून आपलं घर, आपला गोठा, आपली विहीर कोल्हापुरात घेतली होती. एक काठी उकिरड्याला वळसा घालून गेली, एक मरगुबाईच्या देवळापुढं. आण्णाप्पानं तर आपलं शेत आत घेतलं आणि भावकीतल्या सोनुबाईचं बाहेर ठेवलं. मग त्याला कुणीतरी आठवण करून दिली की तुझा थोरला बेंगळूर सरकारच्या एस्टीत कंडक्टर आहे, त्याचं काय? तेव्हा तो परत गेला आणि आपली काठी घराच्या मधोमध, अंगणात आणून रोवली. पुढचा सोपा कोल्हापुरात, मागचं परसू बेंगळुरात. अशानं दोन्हीकडचं रेशन मिळेल असा त्याचा हिशेब.

नाक्यावरून फौजदार आला. कन्नडमधून त्यानं विचारलं की हे काय चाललंय, कुणाच्या हुकमावरून? हेडसर सूटच्या मापाचेच राहिले, म्हणजे आतून एकदम रिकामे. मी खडूच्या पेटीत खडू शोधत होतो. बाई पुढं झाल्या, फौजदाराच्या खांद्यावर हात ठेवला, काठीच्या सावलीकडं बोट केलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांना जीपमध्ये घालणार. पण अण्णा, त्या माणसानं टोपी काढली. नोकरीत त्याला कुणी मत विचारलं नसावं. तो उकिडवा बसला, बराच वेळ सावलीकडं बघत राहिला, आणि म्हणाला की ही हलतेय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं उरलेला दिवस आमच्या आठवीच्या वर्गाबरोबर माळावर काढला, आणि जाताना आण्णाप्पाला अंगणातली काठी शाळेला परत करायला लावली.

आता खरी गोष्ट. काठ्या पुन्हा रोवल्या, पोरांनी सावल्या मोजल्या. मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय की दुपारी बरोबर बारा वाजता सावली सर्वांत लहान असते. पोरांची सावली बाराला लहान झालीच नाही. ती आपली कमी कमी होत गेली आणि पाऊण वाजायच्या सुमाराला सर्वांत आखूड झाली. मी म्हटलं, काठ्या हलवल्या म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊण. म्हटलं, माझं घड्याळ पुढं असेल. रेडिओवर सांगली केंद्र लावून मिळवलं, मग सांगलीवर विश्वास नको म्हणून धारवाड लावलं. सांगली आणि धारवाड यांचं या जगात एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे किती वाजले. घड्याळ बरोबर होतं. टपरीवर आण्णाप्पा म्हणाला, "घड्याळ बेंगळूरचं, सूर्य आपला. कसं जुळंल?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आठवीत कल्याणी म्हणून एक मुलगी आहे. बौद्धवाड्यातली, आई बायडाबाई निपाणीला विड्या वळायला जाते, भाऊ जोतिबा मिलिटरीत. पोरगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. ती शुक्रवारी शाळा सुटल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमी बारा सांगितलं हुतं. आमची पाऊणला झाली. चुकलं कोण?"

अण्णा, तुम्हाला म्हणून सांगतो. इतक्या वर्षांत पोरांनी मला पाणी प्यायला जाऊ का, लघवीला जाऊ का, हे परीक्षेला आहे का, एवढंच विचारलंय. खराखुरा प्रश्न हा पहिला. आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं. छाती एकदम भरून आली, आणि त्याच वेळी असं वाटलं की भुई फाटावी आणि मी टेबलासकट आत जावं. पोरगी टक लावून बघत होती. मी घसा खाकरला आणि सांगितलं की हे पुढच्या वर्षीच्या पोर्शनला आहे.

असो. बाई सोमवारी जाणार. निरोप समारंभाला अधिकारी येणार आहेत, आणि रिपोर्टात माझ्या जागेचं काय लिहिलंय ते तेव्हाच कळेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तिळाचं तेल.

आपला,
केशव

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवता म्हणून, सहज चौकशी करतो, सावली बाराऐवजी पाऊणला का आखूड होते ते दोन ओळींत उलट टपाली कळवा. सोमवारच्या आत. कार्डावर लिहू नका, बंद पाकिटातून पाठवा, कारण आमचे पोस्टमास्तर सगळ्यांची कार्डं वाचतात आणि त्यांचा मुलगाही आठवीतच आहे.

दुसरा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, कारण शनिवारी टपालाची पेटी उघडायला माणूस उशिरा आला आणि त्याची नजर मला बरी वाटली नाही. तेवढ्यात कल्याणी पुन्हा आली. पुन्हा तेच, चुकलं कोण? मी 'पोर्शन' म्हणायला तोंड उघडलं आणि कसं काय कोण जाणे, तोंडातून निघालं, "तुला काय वाटतं?" (संसर्ग, दुसरं काय.) पोरीनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, दादा आसामात आहे, सुट्टीला आला की सांगतो, तिकडं उन्हाळ्यात पाचाच्या आत उजाडतंय आणि सांजचं लवकर अंधारतंय, घड्याळ मात्र आपल्यासारखंच. मी भरमाकडून पाण्याची घागर मागवली. दारातल्या उन्हात ती पालथी धरली, खडूनं एक खूण आसामची केली, एक आपल्या गावाची, आणि आम्ही दोघांनी ती हळूहळू फिरवली. ऊन आधी तिच्या भावाच्या खुणेवर आलं, मग आपल्या. घड्याळ सगळ्या देशाला एक, अण्णा, आणि ते लावलंय आपल्या बऱ्याच पूर्वेच्या कुठल्या तरी गावाच्या सूर्यावर. त्यांच्या डोक्यावरचा सूर्य आपल्या डोक्यावर यायला वेळ लागतो. म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना परक्या गावची दुपार शिकवत होतो. (आण्णाप्पा अर्धा बरोबर निघाला. हे त्याला कळू देऊ नये.)

तिसरा ता. क. समारंभ झाला. अधिकाऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलंच, की पोरं आपली आपण शिकतात तर गणिताच्या मास्तरची गरज काय? हेडसरांनी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाईंनी नेहमीप्रमाणं मान वळवून पोरांना विचारलं, तुला काय वाटतं? मग मागनं कल्याणी उठली. म्हणाली, "गुर्जी न्हाईत तर घागर धरायची कुणी?" अधिकाऱ्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मी खडू आणायला म्हणून बाहेर गेलो आणि बराच वेळ बाहेरच राहिलो. जागा राहील असं हेडसर म्हणतात. हेडसर म्हणतात म्हणजे लेखी येईपर्यंत मी विश्वास ठेवत नाही.

चौथा आणि शेवटचा. उत्तर तरीही पाठवाच, आणि आता कार्डावर पाठवलं तरी चालेल. आलं की कल्याणीला देतो. तुमचं बरोबर आहे का ते बघून ती सांगेल.