संबंध आढळून आला नाही

प्रति,
मा. गृहवाटप अधिकारी,
कर्मचारी निवास विभाग, तळमजला

विषय: आम्ही नवरा-बायको असून एकाच घरात राहतो, याची नोंद होणेबाबत.
संदर्भ: आपल्या तपासनिसांचा शेरा व घर तीस दिवसांत रिकामे करण्याची आपली नोटीस.

महोदय,

१. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. माझे पती फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या कचेरीत आहेत. कुटुंबासाठी राखीव असलेले दोन खोल्यांचे घर आपण आम्हांला चार वर्षांपूर्वी दिले. आता आपल्या तपासनिसांनी लिहिले आहे की, ‘सदर घरात दोन व्यक्ती आळीपाळीने राहतात. परस्परांशी संबंध आढळून आला नाही.’ या एका ओळीपायी आमचे घर जाणार आहे. लग्नाचा दाखला घेऊन मी खिडकीवर गेले, तर तो लग्नाचा आहे, एकत्र राहण्याचा नाही, असे सांगून परत देण्यात आला. मुदतीतले अकरा दिवस उरले आहेत, म्हणून हा अर्ज घाईत लिहीत आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

२. तपासनीस तीन वेळा आले. पहिल्यांदा सकाळी अकराला, तेव्हा पती एकटे होते. दुसऱ्यांदा दुपारी चारला, तेव्हा मी एकटी होते. तिसऱ्यांदा तीनला, तेव्हा कुलूप होते, कारण हे अडीचला निघतात आणि मी साडेतीनला पोचते. दाराशी चपलांचा एकच जोड आणि न्हाणीघरात दोन ब्रशांपैकी एकच ओला, असे त्यांनी बारकाईने टिपले आहे. मी पहाटे साडेपाचला दात घासते. माझा ब्रश अकरापर्यंत ओला राहावा, अशी अपेक्षा असल्यास तसे कळवावे.

३. त्यांनी समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचाही जबाब घेतला. काकू म्हणाल्या, “ती असते तेव्हा तो नसतो, तो असतो तेव्हा ती नसते. पण माणसं चांगली हो, चार वर्षांत भांडणाचा आवाज नाही.” त्या बिचाऱ्या आमचे भले करायला गेल्या. त्याखाली शेरा आहे: ‘पती-पत्नी असते तर भांडण ऐकू आले असते.’ महोदय, भांडायला दोघे जागे असावे लागतात. आम्ही वहीत भांडतो. पलंगावर ओला टॉवेल कोणी टाकला, हा वाद मी सोमवारी सुरू केला, त्यांनी मंगळवारी उत्तर दिले, बुधवारी मी त्यांच्या आईचा उल्लेख केला आणि शुक्रवारी दोघांनीही माघार घेतली. पानांची प्रत जोडली आहे.

४. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आठवड्याचा तक्ता चिकटवलेला आहे. ते भाजी चिरून ठेवतात, मी फोडणी देते. मी कपडे मशीनमध्ये घालते, ते वाळत टाकतात, घड्या मी घालते. माझी सुटी रविवारी, ती माझ्या आईकडे जाते; त्यांची बुधवारी, ती त्यांच्या आईकडे. रात्री अकरानंतर आम्ही दोघेही घरात असतो, पण तेव्हा एक झोपलेला असतो आणि आपली तपासणी दहा ते पाच चालते. घर असे घड्याळासारखे चालते. इतके, की मध्यंतरी आईचा पाय मुरगळला म्हणून मी तातडीने चार दिवस माहेरी गेले, तर भाजीला फोडणी पडली नाही हे पाहून यांना दुसऱ्या दिवशी कळले की बायको घरात नाही.

५. (हा परिच्छेद, अर्ज ओट्यावर ठेवून मी झोपले असता, माझ्या पतींनी रात्री घरी आल्यावर लिहिला आहे. खाडाखोड नको म्हणून राहू दिला.) वरील विधान चुकीचे आहे. दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच रात्री कळले. पलंगाची तिची बाजू रिकामी होती, मग वहीतला तिचा निरोप पाहिला. फोन केला नाही, कारण एवढ्या उशिरा तिची झोप मोडली असती. भाजी तशीच राहिली, कारण जेवलो नाही. हे वहीत लिहायचे राहून गेले. तरी पुराव्यात धरावे.

६. वरील मजकूर मी आज सकाळी उभ्याउभ्या वाचला आणि माझी बस चुकली. मला वाईट वाटले, बरेही वाटले, आणि सांगायचे कोणाला तर ते गाढ झोपले होते. अर्जात याचा काही उपयोग नाही, हे मला समजते.

७. आपण हरकत ऐकण्यासाठी गेल्या गुरुवारी दहा ते एक दोघांनाही घरी हजर राहण्यास बजावले होते. आपला शिक्का पाहून दोन्ही कचेऱ्यांनी मुकाट्याने रजा दिली. एरवी चार वर्षांत आम्हांला एकाच दिवशी रजा मिळालेली नाही. पहिला तास आम्ही एकमेकांच्या पायांत येत होतो. मी तीनदा “जरा सरक” म्हटले. त्यांनी चहा केला, त्यात दोन चमचे साखर घातली. मी साखर सोडून आठ महिने झाले, तरी प्यायले. नंतर त्यांनी एका ग्राहकाची नक्कल केली. तो माणूस रोज फोन करतो आणि त्याची तक्रार काहीच नसते. मी इतकी हसले की काकू दार उघडून बघायला आल्या. पाऊण वाजता जिन्यात पावले वाजली. यांनी माझा हात धरला. पावले वरच्या मजल्यावर निघून गेली, तेव्हा आम्हांला हायसे वाटले. तपासनीस आलेच नाहीत.

८. तरी विनंती की:
(अ) सदर शेरा रद्द करून आमची पती-पत्नी अशी नोंद व्हावी व घर आमच्याकडे राहावे.
(आ) फेरतपासणीची नोटीस पुन्हा काढावी. तीत ‘दोघांनी हजर राहणे बंधनकारक’ हे शब्द ठळक असावेत, त्याशिवाय रजा मिळत नाही.
(इ) नियमात बसत असल्यास अशी नोटीस दर महिन्याला काढावी. तपासनिसांनी दोन जिने चढून येण्याची तसदी घेतली नाही, तरी आमची तक्रार राहणार नाही.

आपले नम्र व एकाच पत्त्यावरचे,

(सही) पत्नी, शुक्रवार, सकाळी सव्वासहा
(सही) पती, शुक्रवार, दुपारी दोन

सोबत:
१. वहीची पाने, ओला टॉवेल प्रकरण, सोमवार ते शुक्रवार.
२. कपाटावरील तक्त्याची प्रत.
३. समोरच्या काकूंचा सुधारित जबाब.
४. दोघांचे रजेचे अर्ज, सह्या करून. तारखेची जागा आपल्यासाठी कोरी सोडली आहे.