सहा नंबरची भिंत

४ मार्च, सोमवार

माणसाने सोसावे तरी किती! ऑफिसच्या क्लाउडवर एका भिंतीच्या नकाशाच्या फाइली आज सापडल्या त्या अशा: ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-हाच’, ‘अंतिम-हाच-घ्या’. तरुणपणी सात वर्षं संस्कृत घोकलं, पण अंतानंतर इतकं काही उरतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

भाऊजींपाशी तक्रार केली. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, या ऑफिसचे मालक आणि पूल-भिंतींचे मुख्य इंजिनिअर. मी त्यांचा पत्रव्यवहार सांभाळणारा. ते हसले. “शास्त्रीबुवा, तुम्हाला एवढा त्रास होतोय ना? मग आजपासून फोल्डर तुमच्या ताब्यात.”

तोंड उघडलं की काम गळ्यात पडतं. घरी बायको म्हणाली, “तेच मी वीस वर्षं सांगतेय.”

५ मार्च

नियम केले. ‘चालू’ फोल्डरमध्ये प्रत्येक नकाशा एकच. बदल झाला की पुढचा नंबर, आणि जुना उचलून ‘निवृत्त’ नावाच्या फोल्डरात. साइटवर पाठवायचा तो फक्त ‘चालू’मधला, माझ्या पत्रासोबत.

ड्राफ्ट्समन बाई म्हणाल्या, “निवृत्त कशाला? सरळ ‘जुने’ लिहा की. पेन्शन देणार आहात का त्यांना?”

भाऊजींनी दारातूनच ऐकलं. “नाव छान आहे. फक्त चुकून मला त्यात टाकू नका!”

७ मार्च

‘अंतिम’ शब्द ऑफिसातून हद्दपार. रामराज्य!

१२ मार्च

सकाळी भाऊजींच्या खोलीतून आरोळी — “शास्त्रीबुवा, वाचलो!”

धावलो. शाळेमागच्या टेकडीची माती अडवायला आपण जी भिंत बांधतोय, तिचा नकाशा समोर उघडलेला. मातीकडच्या बाजूच्या उभ्या सळ्या तळाशी फार लांब लांब दाखवल्या गेल्या होत्या. “सगळा भार इथं येतो, आणि इथंच आपण कंजूषपणा केलाय!” पेन्सिल कानामागे, डोळे चमकताहेत. पासष्टीचा माणूस, पण चूक सापडली की लग्नातल्या करवल्यासारखा मिरवतो. सळ्या जवळ जवळ घेतल्या, दोनाचा तीन नंबर केला, सगळ्यांना चहा सांगितला. मी साइटला पत्र धाडलं: आधीचा रद्द समजावा.

त्या भिंतीच्या पायथ्याशी मुलांचं खेळायचं मैदान आहे. चहा गोड लागला.

१४ मार्च

‘चालू’मध्ये भिंतीचा चार नंबर! कुणी टाकला, कधी टाकला, मला पत्ता नाही. नियमाप्रमाणे तीनला निवृत्त केलं, चारचं पत्र पाठवलं. तासाभरात साइट इंजिनिअरचा फोन. “साहेब, तीन आणि चार शेजारी ठेवून डोळे फुटायची वेळ आली. फरक काय?”

मी गंभीर आवाजात म्हणालो, “बघून कळवतो.” बघितलं. फरक नाही. जुळी भावंडं!

संशय अर्थात बाईंवर. “बाई, नंबर फुकट मिळतात म्हणून उधळायचे का?”

“माझ्याकडे बघूच नका. मी त्या फाइलला हातसुद्धा लावलेला नाही. तुमच्या रामराज्यात तुम्हीच शोधा.”

१९ मार्च

पाच नंबर. आता मात्र चोर पकडायचाच म्हणून उठलो, तेवढ्यात आतून आरोळी — “शास्त्रीबुवा, वाचलो!”

तोच नकाशा. त्याच सळ्या. “सगळा भार इथं येतो, आणि इथंच आपण कंजूषपणा केलाय!” पेन्सिल कानामागे.

प्रकार असा, की त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोन नंबरचा, चुकीचा नकाशा पडून आहे. ते तोच उघडतात, चूक शोधतात, दुरुस्त करतात आणि पुढचा नंबर घालून ‘चालू’त ठेवून देतात. मग पुन्हा कधीतरी तोच दोन नंबर उघडतात. थट्टा अगदी ओठावर आली होती: भाऊजी, एकाच चुकीला किती वेळा पकडणार? पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद नवाकोरा होता. पहिल्यांदाच सापडल्यासारखा.

त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी कपात पाहिलं. दोघंही “वा, बरं झालं सापडलं” म्हणालो.

२० मार्च

ताईचा फोन, सहजच. “हे हल्ली फार खुशीत असतात रे. रोज काहीतरी सापडतं म्हणे ऑफिसात. तू फोल्डर लावून दिलास त्याचाच गुण दिसतोय.”

हो म्हणालो.

२१ मार्च

भाऊजी जेवायला गेले असताना तो दोन नंबर त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसावा म्हणून खुर्चीवर बसलो. बसलो आणि उठलो. त्यांच्या खुर्चीत बसून त्यांची फाइल पुसायची — माझा हात धजला नाही. आणि पुसली तर त्यांना रोज काय सापडणार?

२२ मार्च, शुक्रवार

सहा नंबर आला. सळ्या लांब लांबच आहेत. खाली भाऊजींची सही.

विचारलं. “बघितलं की मी नीट. काही चूक नाही. सोमवारी काँक्रीट आहे ना, पाठवा.”

पाठवला नाही. साइटला फोन करून पाचच धरा म्हणून सांगितलं, बाईंकडून पाच पुन्हा तपासून घेतला. भिंत उभी राहील. तिची काळजी नाही.

आता ताईकडे जायला निघायचं आहे. सगळ्यांना पत्रं लिहून देणारा मी — तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही. मला फार भीती वाटते आहे.