वहीच्या समासातली टिंबं

॥ श्री ॥

जयपूर, मिलिटरी स्टेशन
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. तारामतीवन्सं यांना प्रणालीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तिखटाचा डबा पोचला. अनुया म्हणते, आत्तूची किडनी बसवल्यापासून मला तिखट आवडतं, मतलब माझा काही दोष नाही. दहा वर्षांची पोर, पण बोलायला लागली की तुम्हीच दिसता. ऑपरेशनला आठ महिने झाले. ह्यांचा रक्तगट जुळला नाही, माझी साखर आडवी आली, आणि तुम्ही अवयवदानाच्या त्या समितीपुढे उभ्या राहून प्रेमापोटी देते म्हणालात. रोज दिवा लावताना ते आठवतं.

तिच्या मानेत लिंबाएवढी गाठ आली आहे. तुकडा काढून तपासायला दिलाय. काळजीचं काही नाही. राखी पोस्टाने पाठवा, येण्याची दगदग करू नका.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमची
प्रणाली


कराड
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रणाली हिला अनेक आशीर्वाद.

काळजीचं काही नाही, तर मग मला येऊ नका का लिहिलंस? दर वर्षी राखीला येताना काकवी आणा म्हणून दोनदा आठवण करणारी तू. काल विनयला फोन लावला. एवढा सुभेदार माणूस, पण लिम्फोमा म्हणाला आणि फोन ठेवून दिला. शेजारची अपूर्वा नर्स आहे, तिने सांगितलं की तो गाठींचा कॅन्सर. कशामुळे झाला, ते विनयने सांगितलं नाही. तू फोनवर बोलणार नाहीस, पोरीचे कान तुझ्या पदराला बांधलेले असतात. म्हणून पत्रात लिही. माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे?

माया आहे, पण रुसलेली आहे.
तुझी
तारामती


जयपूर
२ सप्टेंबर २०२४

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

हे लिहायला तीन दिवस लागले. एक विषाणू असतो. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, एकमेकांच्या उष्ट्यातून. थोडा ताप येतो, आणि मग तो जन्मभर अंगात गप्प पडून राहतो. तुमच्यात होता, माझ्यातही असेल म्हणाले. अनुयात नव्हता. ती पहिल्यापासून आजारी, म्हणून मी तिचा पेला वेगळा ठेवला, चमचा वेगळा. शेजारच्या भाभीजी चौमूंच्या देवळातून प्रसाद आणायच्या, त्यातलाही तिचा वाटा आधी काढायचे. मला वाटायचं, मी तिला जपते आहे.

तो विषाणू किडनीबरोबर तिच्यात आला. किडनी अंगाने नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली, त्याला अडवणार कोण? त्यानेच गाठ केली. डॉक्टर म्हणाले, हा धोका आधी माहीत होता, कागदावर ह्यांची सही आहे, आणि किडनीशिवाय ती वाचली नसती. कुणाची चूक नाही म्हणाले. तुम्हाला हे सांगायला माझी जीभ उचलेना.

पहिला उपाय म्हणजे त्या गोळ्या कमी करायच्या. मग तिचं शरीर गाठीशी लढेल. पण ते किडनीशीही लढेल. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला त्यांनी एक गोळी पूर्ण बंद करायला सांगितली. तीन आठवडे झाले, गाठ तेवढीच आहे. डॉक्टरांना कोडं पडलंय. आता इंजेक्शनं देऊ, नाहीतर केमो, म्हणतात.

वन्सं, मी ती गोळी बंद केलीच नाही. डब्यात शिल्लक होत्या. सकाळी अर्धी देत राहिले. तुमच्या पोटातून काढून दिलेली वस्तू माझ्या हाताने मरू देववेना. औषधांच्या वहीत खोटंही लिहवेना, म्हणून समासात रोज एक टिंब काढलं. चोवीस टिंबं झाली. ह्यांना माहीत नाही.

हे वाचल्यावर जो काही लोभ उरेल तो असू द्या.
प्रणाली


कराड
७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रणालीस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तुझा राग आला. माझ्या अंगातलं दुखणं पोरीला गेलं म्हणून दोन दिवस घास उतरला नाही, तेही लिहून टाकते. आता आणखी लपवालपवी नको.

समितीतल्या त्या साहेबांनी मला विचारलं होतं, बाई, पुढे पस्तावाल का? मी म्हणाले, लेकीच्या ओटीत घातलेलं नीट आहे का म्हणून कुणी बघायला जात नाही. तू मात्र माझा नारळ सांभाळायला लेक पणाला लावलीस. मरू दे ती किडनी. पत्र हातातून ठेव, वही उचल आणि डॉक्टरांना टिंबं दाखव. आधी विनयला दाखव.

यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की निघते. काकवी आणते.

जीव तुमच्यापाशीच आहे.
तारामती


जयपूर
३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

टिंबं दाखवली. आधी ह्यांना; तेव्हापासून तिच्या गोळ्या हेच मोजून देतात. डॉक्टरांनी एकेका टिंबावर पेन टेकवून मोजलं, आणि मग एवढंच म्हणाले की माताजी, एकदा मला विचारायचं होतंत. गोळी त्याच दिवसापासून बंद आहे, इंजेक्शनंही चालू आहेत.

गाठ आता सुपारीएवढी आहे. पण किडनी थकत चाललीय, क्रिएटिनिन १.१ होतं, ते २.६ झालंय. तिचे पाय सुजलेत. डायलिसिसची तयारी ठेवा म्हणाले.

आज घट बसवले. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. गाठ जावी म्हणायला गेले की किडनी डोळ्यांपुढे येई, आणि किडनी राहावी म्हणायची तर आता भीतीच वाटते. शेजारी अनुया बसली होती, पोटाच्या उजव्या बाजूला, तुमच्या किडनीवर हात ठेवून. तिच्याशीच बोलत होती. म्हणत होती, आत्तू, माझी गाठ जाईपर्यंत थांब, फिर सो जाना.

मग मीही तेच मागितलं.

लोभ मागायचा धीर होत नाही, तरी असू द्या. आणि या.
तुमची
प्रणाली