कमरेखाली वाजेल ते सोने नव्हे

तीर्थरूप काका,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता दुरूनच नमस्कार. मावशीचा दमा आटोक्यात असावा. मी बरा आहे, असे लिहवत नाही. कारखान्याच्या फाटकावर आपण रोज भेटतो, पण हे तोंडाने सांगणे जमणार नाही, म्हणून पत्र.

दहा दिवस मी कामावर आलो नाही त्याचे कारण कावीळ नाही. ठरलेले लग्न मोडताना ती म्हणाली होती, "तुला साधी सुई बघून घाम फुटतो." ते जिव्हारी लागले. (माझ्या हातून दिवसाला कानातल्या सोन्याच्या शंभर कड्या घडतात, पण माझा स्वतःचा कान कोरा.) कान तर कुणीही टोचतो. म्हणून मी, वय वर्षे सत्तावीस, जिथे कुणी धजत नाही तिथे टोचून घेतले. जागेचे नाव वडीलधाऱ्यांच्या पत्रात लिहवत नाही. माणसाने विजार शोधून काढली ती जिच्यासाठी, ती.

टोचणारा सज्जन होता. हातमोजे घातले, औषधाने पुसले, पेनाने दोन ठिपके काढले (ते मी पट्टीने मोजायला लावले). खालची सैल कातडी चिमट्यात धरून म्हणाला, "श्वास सोडा." मी सोडला, तो परत घ्यायचा राहून गेला. शुद्धीवर आलो तेव्हा पोकळ सुई आरपार जाऊन तिच्या जागी बारीक दांडी बसली होती, दोन्ही टोकांना मणी. म्हणजे आयुष्यातले एकमेव धाडस मी पाहिलेच नाही, आणि ते कुणाला दाखवताही येत नाही.

दोन दिवस रक्त, मग सूज, मग पिवळसर खपल्या. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्याचा कप धरून उभा असतो. (आईला वाटते गुळण्या चालल्यात. कप वेगळा ठेवला आहे.) भरून यायला तीन-चार महिने. तोवर दांडी काढली तर भोक बुजते, आणि मी पुन्हा होतो तोच.

उभ्यानेच लिहिणारा,
तुमचा भाचा

ता. क. : उद्या कामावर येतो. सुटताना फाटकावर झडती घेताना तुमच्या हातातले धातू शोधायचे यंत्र माझ्या कमरेखाली वाजेल. गेल्या महिन्यात ज्याच्या बुटात सोन्याचा कीस सापडला, त्याला मालकांनी सगळ्यांसमोर कपडे उतरवायला लावले. माझे तसे होऊ नये. मी मोठ्या बकलाचा पट्टा घालून येईन. तुम्ही "बक्कल वाजतंय" एवढेच म्हणावे.

आणखी ता. क. : तुमचा चष्मा फुटल्यापासून पत्रे मावशी मोठ्याने वाचते, हे आत्ता आठवले. शुद्धलेखन तीनदा तपासून झाले आहे, पुन्हा लिहिण्याचे बळ नाही. मावशी, वरचे वाचले ते वाचलेस. एवढे मात्र काकांना सावकाश वाचून दाखव : मी चोर नाही.